शेपूट नसलेला उंदीर : वायरलेस माउस जोडू या, मुलांच्या हाती देऊ या



२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत लोकसहभागातून लॅपटॉप, प्रोजेक्टर, टीव्ही आले. आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या छोट्या शाळांचंही तेच. पण चित्र साधारण असं असतं : संगणक एक, मुलं पंधरा-वीस, शिक्षक दोन आणि इयत्ता चार. अशा वर्गात संगणक नक्की कोण शिकतं? ज्याच्या हातात माउस असतो, तो. बाकीची मुलं बघतात, हसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

म्हणून आजचा विषय अगदी साधा वाटला तरी महत्त्वाचा आहे : वायरलेस माउस. तो कसा जोडायचा, वर्गात मध्येच बंद पडू नये म्हणून काय करायचं आणि मुख्य म्हणजे तो शेवटच्या रांगेतल्या मुलापर्यंत कसा पोचवायचा. वायर नसल्याचा खरा फायदा टेबल नीटनेटकं दिसण्यात नाही. मुलाला संगणकापाशी आणावं लागत नाही, संगणकाची चावीच मुलापाशी जाते, हा तो फायदा.

थोडी ओळख

मुलांना माउस दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बाई, याला उंदीर का म्हणतात?” उत्तर माहीत असू द्या. अमेरिकेतल्या डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस बनवला. तो लाकडी होता, खाली दोन चाकं आणि वर एकच बटण. त्याची वायर शेपटासारखी दिसायची, म्हणून नाव पडलं माउस. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो सगळ्यांसमोर चालवून दाखवला. आपल्या हातातला माउस म्हणजे त्याच उंदराचा शेपूट गळालेला नातू!

शेपूट गेलं, पण संदेश तर पोचायलाच हवा. तो आता रेडिओ लहरींनी पोचतो. बहुतेक वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कोणता माउस घ्यावा?

दोन प्रकार आहेत.

१) रिसीव्हरवाला : याच्यासोबत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर येतो, ज्याला आपण डोंगलही म्हणतो. तो संगणकात खोचला की काम सुरू. जुन्या डेस्कटॉपवरही चालतो. शाळेसाठी हाच सोयीचा.

२) ब्लूटूथवाला : याला रिसीव्हर लागत नाही, पण संगणकात ब्लूटूथ असावं लागतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये ते बहुधा नसतं. लॅपटॉप आणि टॅबसाठी चांगला.

एक प्रामाणिक सल्ला. संगणक कक्षात प्रत्येक मुलासमोर वेगळा डेस्कटॉप असेल, तर वायरचाच माउस घ्या. तो स्वस्त असतो, सेल लागत नाही, हरवत नाही. वायरलेस माउस हवा तो एक पडदा आणि अनेक मुलं असलेल्या वर्गासाठी. शिवाय मुलांचे हात लहान असतात, तेव्हा मोठ्या माणसांचा भला मोठा माउस न घेता छोट्या आकाराचा घ्या. आणि दोन्ही बाजूंनी सारखा असलेला घ्या, म्हणजे डावखुऱ्या मुलांनाही धरता येईल.

रिसीव्हरवाला माउस जोडणे : पायऱ्या

१. माउसच्या पोटाखालचं किंवा पाठीवरचं झाकण सरकवा. रिसीव्हर पुष्कळदा सेलच्या शेजारच्या खाचेत लपवलेला असतो. तो सापडला नाही म्हणून खोका परत करण्याआधी ही जागा बघा.

२. सेल घाला. अधिक आणि उणे चिन्हं आत काढलेली असतात, ती जुळवा. सेल आधीच बसवलेला असेल तर त्याच्या टोकाला एक पातळ प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून काढा.

३. पोटाखालचं बटण ऑन करा. खाली लाल उजेड दिसला तर उत्तम. काही माउसमध्ये उजेड डोळ्याला दिसतच नाही, म्हणून तेवढ्यावरून तो बंद आहे असं समजू नका.

४. रिसीव्हर संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचा. बसत नसेल तर जोर लावू नका, उलटा करून बघा.

५. थोडा वेळ थांबा. पहिल्या वेळी विंडोज आपणहून ओळख करून घेते. सीडी किंवा वेगळं सॉफ्टवेअर साध्या माउसला लागत नाही.

६. माउस हलवा, बाण हलला की झालं.

ब्लूटूथवाला माउस जोडणे

माउस ऑन करा. पोटाखालचं जोडणीचं बटण दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकू लागेल. मग संगणकात सेटिंग्जमध्ये जाऊन ब्लूटूथ सुरू करा आणि ‘ॲड डिव्हाइस’वर क्लिक करा. यादीत माउसचं नाव दिसेल, ते निवडा. एकदा जोडणी झाली की पुढच्या वेळी फक्त माउस ऑन करायचा.

पालकांसाठी एक खास गोष्ट. घरी संगणक नाही, फक्त अँड्रॉइड मोबाईल आहे? मोबाईलला ओटीजी चालत असेल तर बाजारात मिळणाऱ्या छोट्या ओटीजी जोडणीत हाच रिसीव्हर खोचा. मोबाईलच्या पडद्यावर चक्क बाण येतो! बऱ्याच स्मार्ट टीव्हींच्या यूएसबी पोर्टलाही माउस चालतो. म्हणजे माउस धरण्याचा सराव करायला घरात संगणक असायलाच हवा असं नाही.

मुलांसाठी चार सेटिंग्ज

माउस जोडला की आपण थांबतो. पण संगणकातली सेटिंग्ज मोठ्यांच्या हातासाठी असतात. पहिलीतल्या मुलाला ती जड जातात आणि आपण म्हणतो, “याला जमत नाही.” सेटिंग्जमधल्या माउसच्या पानावर जा आणि तिथून ‘ॲडिशनल माउस सेटिंग्ज’ उघडा. तिथे पुढचे बदल करा.

• बाणाचा वेग कमी करा. बाण पडद्यावर सुसाट पळाला की लहान मूल गोंधळतं.

• डबल क्लिकचा वेग कमी करा. विंडोजमध्ये मुळात दोन क्लिक साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत व्हावे लागतात आणि त्या वेळात माउस हलून चालत नाही. लहान बोटांना हे कठीण आहे.

• ‘क्लिकलॉक’ सुरू करा. एखादी वस्तू ओढून दुसरीकडे न्यायची तर बटण सतत दाबून धरावं लागतं. क्लिकलॉक असेल तर थोडा वेळ दाबून सोडायचं, वस्तू चिकटून राहते. जागेवर नेऊन पुन्हा क्लिक केलं की सुटते.

• कंट्रोल की दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ दाखवणारा पर्याय निवडा. मोठ्या पडद्यावर बाण हरवला की सगळा वर्ग ओरडतो, “कुठेय, कुठेय?” तेव्हा हे कामी येतं. बाणाचा आकारही मोठा करता येतो.

डावखुरं मूल असेल तर आधी नुसता डाव्या हातात माउस देऊन बघा. काही मुलांना बटणं न बदलताही छान जमतं. नाहीच जमलं तर डावं-उजवं बटण बदलण्याची सोय याच पानावर आहे. पण “उजव्या हातानेच धर” असा आग्रह मात्र नको.

मध्येच का थांबतो?

शिकवताना माउस अडला की वर्गाची लय तुटते. पुन्हा असं होऊ नये म्हणून कारण समजून घेऊ.

पृष्ठभाग : माउसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून माउस किती सरकला ते ठरवतो. काचेवर किंवा चकचकीत सनमायकावर त्याला खुणाच दिसत नाहीत, मग बाण उड्या मारतो. उपाय सोपा आहे, खाली वही ठेवा. आपल्याकडे याहून सुंदर वस्तू आहे : परीक्षेचं पॅड. त्याच्या क्लिपमध्ये एक साधा कागद अडकवा, झालं मांडीवरचं टेबल! मूल जमिनीवर बसल्याबसल्या माउस चालवतं आणि पॅड रांगेतून पुढे सरकत जातं.

अंतर आणि आडोसा : साधा माउस मोकळ्या जागेत साधारण १० मीटरपर्यंत चालतो. आपली वर्गखोली त्यात सहज बसते. पण रिसीव्हर डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला खोचला असेल तर सीपीयूचा पत्रा आडवा येतो. शिवाय आपल्या शरीरात पाणी भरपूर असतं आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. म्हणजे मध्ये वीस मुलं बसली की लहरी कमजोर होतात. अशा वेळी यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, मुलांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा. फार फरक पडतो.

शेजारी कोण आहे : रिसीव्हरच्या अगदी शेजारी निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल तर माउस अडखळू शकतो. यूएसबी ३ च्या कामातून होणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास येतो. म्हणून रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा. मोबाईलचं हॉटस्पॉट रिसीव्हरला चिकटून ठेवू नका.

झोपलेला माउस : काही मिनिटं वापरला नाही तर सेल वाचवण्यासाठी माउस झोपतो. एकदा क्लिक करा, जागा होईल.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर या क्रमाने बघा : बटण ऑन आहे का, सेल संपला आहे का, रिसीव्हर काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघितला का, संगणक बंद करून सुरू केला का. आणि तोवर तास थांबवू नका. पॉवरपॉइंटची पुढची पाटी बाणाच्या कीने किंवा स्पेसबारने येते. चालू खिडकी ऑल्ट आणि एफ४ दाबून बंद होते. कपाटात एक वायरचा माउस राखीव ठेवलेला बरा.

कोकणातल्या हवेत काळजी

समुद्रकाठची हवा खारी आणि दमट. आपल्याकडे लोखंडी कपाटं गंजतात, तिथे सेलच्या इवल्या पट्ट्यांचं काय? पावसाळ्यात त्यांच्यावर थर चढतो आणि सेल नवा असूनही माउस चालत नाही. खोडरबराने पट्टी हळूच घासा, चकाकी येते.

गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत सेल काढून ठेवा. आत राहिलेला सेल पाझरतो आणि पांढरट-हिरवट चुरा साठतो. तो मुलांना पुसायला देऊ नका. आपण कोरड्या कापसाने पुसून हात धुवा. रोज तास संपला की माउसचं बटण ऑफ करा, रिसीव्हर पुन्हा त्याच्या खाचेत ठेवा. साध्या माउसचा रिसीव्हर त्याच माउसशी जोडलेला असतो. तो हरवला तर माउस असून नसल्यासारखा. शाळेत दोन माउस असतील तर माउसवर आणि रिसीव्हरवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या.

रिचार्ज होणारे सेल दीर्घकाळात परवडतात. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, तरी माउसला चालतात. संपलेले सेल सुपारीच्या वाडीत किंवा समुद्रावर फेकायचे नाहीत, जाळायचे तर नाहीच. एका बरणीत साठवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

पालकांनो, रिसीव्हर आणि बटणासारखे छोटे सेल धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तोंडात घातले तर जिवाला धोका आहे.

आता मुख्य प्रश्न : माउस कोणाच्या हातात?

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. १९९९ मध्ये सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी भागात भिंतीच्या भोकात संगणक बसवला. वस्तीतली मुलं कोणी न शिकवता तो वापरू लागली. पुढे अशी केंद्रं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही झाली. मुलं एकमेकांकडून शिकतात हे त्यातून जगाला दिसलं.

पण दुसरी बाजूही आहे. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील उदय पवार, जॉयजीत पाल आणि केंटारो टोयामा यांनी २००६ साली आपला अभ्यास मांडला. ग्रामीण शाळांत एका संगणकाभोवती अनेक मुलं बसतात, तेव्हा एखादंच मूल माउस पकडून ठेवतं आणि बाकीची प्रेक्षक होतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी उपाय काढला तो असा : एकाच संगणकाला अनेक माउस जोडायचे आणि पडद्यावर प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण. २०१० मध्ये पॉवरपॉइंटसाठी ‘माउस मिस्चीफ’ नावाची मोफत जोडणीही त्याच धर्तीवर आली होती. ती आता बंद झाली, पण प्रश्न तसाच आहे.

आपल्याकडे वेगळे बाण नाहीत, पण नियम तर करता येतात. साध्या विंडोजमध्येही दोन माउस एकाच वेळी जोडता येतात. बाण एकच राहतो, दोन्हींनी हलतो. एक आपल्याजवळ ठेवा, एक मुलांत फिरू द्या. आपण दुसऱ्या इयत्तेपाशी उभं राहूनही पाटी पुढे सरकवू शकतो. जोडवर्गात ही मोठी सोय आहे.

वर्गासाठी तीन नियम सुचवते :

१. तोंड चालेल, हात नाही. ज्याच्याकडे माउस आहे त्याला बाकीच्यांनी बोलून मदत करायची. “वर जा, थोडं डावीकडे, आता क्लिक कर.” यात सांगणाऱ्याची भाषाही पक्की होते. हा नियम आपल्यालाही लागू. मुलाच्या हातावर हात ठेवून आपणच क्लिक करून टाकलं, तर शिकलो आपण, मूल नाही.

२. माउस मागून पुढे फिरेल. हुशार मुलं पुढे बसतात आणि हात वर करतात. शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली की न मागणाऱ्याला पहिली संधी मिळते. मुली मागे राहत नाहीत ना, एवढं बघा.

३. प्रत्येकाला एक पूर्ण काम. नुसता अर्धा मिनिट माउस हलवायला नको. एक चित्र ओढून जागेवर लावायचं, एक गाव शोधायचं, मग पुढच्याकडे.

शिकवण्याचा क्रम

आधी नुसतं धरणं आणि बाण हलवणं. मनगट सरळ, तर्जनी डाव्या बटणावर, नजर हातावर नाही तर पडद्यावर. मग एक क्लिक, मोठ्या मोठ्या चित्रांवर. मग ओढणं : पेंटमध्ये रेघा, गोल, स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. डबल क्लिक सगळ्यात शेवटी. मधलं चाक आणि उजवं बटण तिसरी-चौथीला.

सरावासाठी बाहेरचे खेळ उतरवायची गरज नाही. पॉवरपॉइंटच्या एका पाटीवर नारळ, सुपारी, आंबा, बांगडा, सुरमई, कोळंबी अशी चित्रं आणि खाली दोन टोपल्या : वाडीतलं आणि समुद्रातलं. पाटी संपादनाच्या खिडकीतच उघडी ठेवा, म्हणजे चित्रं ओढता येतात. पहिली-दुसरीला वर्गीकरणही झालं आणि माउसचा सरावही. तिसरी-चौथीला रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा. चाक फिरवून जवळ जा आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडला, म्हसळा शोधा. शेवटी प्रत्येकाने आपल्या वाडीवर बाण आणून थांबवायचा. स्वतःचं घर पडद्यावर शोधताना कोणत्याच मुलाला “लक्ष दे” म्हणावं लागत नाही.

पालकांनी घरी एवढंच करावं : आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, शेजारी बसून. मूल चुकलं तर माउस हिसकावून घेऊ नका. चुकीच्या क्लिकने संगणक बिघडत नाही, ‘अन-डू’ असतंच. मुलाची हिंमत मात्र हिसकावण्याने नक्की बिघडते.

जाता जाता एक सोपी गोष्ट. हजेरीच्या वहीशेजारी एक कागद ठेवा, त्यावर मुलांची नावं लिहा आणि ज्याच्या हातात माउस गेला त्याच्यापुढे एक टिंब द्या. महिन्याने तो कागद बघा. कोणापुढे दहा टिंबं आहेत आणि कोणापुढे एकही नाही, हे त्यात स्वच्छ दिसेल. ज्याच्यापुढे एकही नाही, पुढचा तास त्याच्यापासून सुरू करा.